संघाचं ठरलंय

वर्षावासाचा शेवटचा दिवस. विहारात पाच भिक्षू समोरासमोर बसले होते. थोरल्या भन्तेंनी उकिडवं बसून हात जोडले आणि दरवर्षीची विनंती केली, "माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी दया करून सांगा. पटलं तर सुधारेन."

यावर आजवर कुणी कधी काही बोललं नव्हतं.

"मला सांगायचंय, भन्ते," कंपाउंडर म्हणाला. पूर्वी तो एका दवाखान्यात औषधं बांधून द्यायचा. भिक्षूचं चीवर अंगावर आलं, तरी नाव तेच राहिलं होतं.

"सांगा."

"आबांना दवाखान्यात ठेवलंय म्हणालात. काल मी तिथे गेलो होतो. आबा नाहीतच. त्यांना नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, वृद्धाश्रमात सोडलंय. आणि इथे त्यांची खोली पाहुण्यांसाठी रंगवून झाली."

आबा म्हणजे सहावे, सगळ्यांत म्हातारे. त्यांचं अंथरूण ओलं व्हायचं, खोलीला वास यायचा. कंपाउंडर त्यांना पुसायचा, चादरी धुवायचा. तो प्रवचनासाठी बाहेर गेला, त्या दिवशीच गाडी आली होती.

थोरले रागावले नाहीत. "त्यांची तिथे नीट सोय आहे. बरं, हे चुकलं असं तुम्हाला एकट्यालाच वाटतं, की आणखी कुणाला?"

कंपाउंडरने उरलेल्या तिघांकडे पाहिलं. सकाळी भांडी घासताना चौघांचं ठरलं होतं. एक जण तर म्हणाला होता, "तू फक्त तोंड उघड, पुढचं आमच्यावर सोड." आता तोच चीवराचा काठ सारखा करत होता. दुसऱ्याने ध्यान लागल्यासारखे डोळे मिटले होते. तिसरा खाकरला. कंपाउंडरच्या जिवात जीव आला. पण तो नुसताच खाकरला होता.

थोरल्यांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तीनदा विचारूनही संघ गप्प राहिला, की कुणाची हरकत नाही असं धरतात.

कंपाउंडर उठला.

"बसा. तुम्ही गेलात तर चारच राहतील. पाच जणांशिवाय विधी पुरा होत नाही."

"सहा होतो, तेव्हा नाही मोजलंत, भन्ते," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

वृद्धाश्रमात आबांची खाट संडासाशेजारी होती. अंगावर कुणाचा तरी जुना सदरा होता, चीवर घडी करून उशाला ठेवलेलं. कंपाउंडरला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. कंपाउंडर खाटेच्या कडेला बसला. त्यांची नखं फार वाढली होती. त्याने आयाकडून कात्री मागून आणली आणि एकेक बोट हातात घेऊन कापू लागला.

"सगळे बरे आहेत ना?" आबांनी विचारलं.

"बरे आहेत."

"गाडी आली तेव्हा आधी मी घाबरलो होतो रे. दारातून परत फिरलो होतो. मग थोरले म्हणाले, संघाचं ठरलंय. म्हटलं, झालं तर. संघाला शरण गेलोय, आता वेगळं काय हवं? ते आठवलं की इथे शांत झोप लागते."

कंपाउंडरची कात्री थांबली. थोरल्यांचा तो शांत आवाज त्याच्या कानात अजून वाजत होता. त्याला राहवलं नाही.

"संघाचं काही ठरलं नव्हतं, आबा. आम्हाला कुणी विचारलंही नाही."

पलीकडे कुणीतरी पाण्यासाठी हाका मारत होतं. आबांनी आपला हात हळूच सोडवून घेतला.

"हे कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. "आता इथे कसा राहू मी?"