पहिल्या वर्षाचा हिवाळा

वहिनीला तेवढाच विरंगुळा म्हणून नणंदेनंच तो शेतीचा गेम तिच्या मोबाइलवर घालून दिला होता. आज नणंद आईला भेटायला माहेरी आली, तेव्हा गेममधलं पहिलं वर्ष संपत आलं होतं. वसंतात बटाटे झाले, उन्हाळ्यात टोमॅटो, मग भोपळे. आता बर्फ पडला होता. गेममधला शेतकरी सकाळी सहाला उठला, की वहिनी त्याला लगेच पलंगाकडे परत न्यायची. 'दिवस संपवायचा?' वहिनी 'हो' दाबायची. पुन्हा सहा वाजायचे, पुन्हा पलंग.

"अगं, हिवाळ्यात मासे धरायचे, खाणीत उतरायचं. धडधाकट माणसाला नुसतं लोळवतेस काय?" नणंद म्हणाली.

"लोळू दे."

"वर्ष फुकट जाईल ना पण."

तेवढ्यात मोबाइलचा गजर वाजला. वहिनी आतल्या खोलीत गेली, नणंद मागोमाग. वहिनीनं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पाठीखाली हात घालून त्यांना सावकाश डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, चादरीची सुरकुती काढली आणि भिंतीवरच्या कूस बदलल्याच्या कागदावर वेळ लिहिली. दुपारचे दोन. नणंदेची नजर त्या कागदावर वर वर सरकत गेली. बारा, दहा, आठ, सहा, पहाटेचे चार, रात्रीचे दोन. सगळं एकाच हातचं अक्षर.

वहिनी खुर्चीत टेकली. मोबाइलमधला शेतकरी नुकताच उठून उभा होता. तिनं त्याला पलंगाकडे वळवलं.

"घरात एकाची तरी झोप पुरी होऊ दे," ती म्हणाली.