उन्हातली तुरमती

"ती डावीकडची फांदी पण काढ," दीपंकर भरमूच्या गच्चीवरून ओरडला.

दारातल्या आंब्याच्या शेंड्यावर चढलेल्या भरमूनं कोयता उचलला. तुरमती किंचाळत त्याच्या डोक्यावरून झेपा घेत होती. विटकरी डोक्याचा, पारव्याएवढा ससाणा तो, पण भरमूला एका हातानं डोकं झाकून घ्यावं लागलं.

"डॉक्टर, लई चिडलीया बघा," तो म्हणाला आणि फांदी कडकडत खाली आली. कावळ्याच्या जुन्या घरट्यात वाढणारी तुरमतीची तिन्ही पिल्लं एकदम उजेडात आली. कॅमेऱ्याला हवी होती तशी.

दीपंकर बेळगावात दातांचा दवाखाना चालवायचा आणि रविवारी पक्ष्यांमागं हिंडायचा. जवळच्या कंग्राळी गावातल्या भरमूनं आपल्या दारातल्या घरट्याची खबर दिली, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

भरमू उतरला तशी मादी परतली. एप्रिलचं ऊन सरळ घरट्यात पडत होतं. ती पिल्लांच्या अंगावर उभी राहिली, दोन्ही पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत. नर पायात एक पाखरू घेऊन पलीकडच्या झाडावर आला आणि हाका मारू लागला. एरवी ती उडत जाऊन त्याच्याकडून शिकार घ्यायची, फाडून पिल्लांना भरवायची. आज ती जागची हलली नाही. नर हाका मारत राहिला. दीपंकर फोटो काढत राहिला.

पुढच्या रविवारी घरट्यात दोनच पिल्लं होती. भरमूनं झाडाच्या बुंध्याकडं बोट दाखवलं. तिथं मुंग्या लागल्या होत्या. वर गोणपाट बांधावं, असं दीपंकरच्या मनात आलं. पण पुन्हा कुणी चढलं असतं तर मादी घरटंच सोडून गेली असती. तो तसाच परतला.

पंख पसरलेल्या मादीच्या फोटोला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. 'आईची माया' हे नाव परीक्षकांनीच दिलं. लोक हात हातात घेऊन कौतुक करायचे. दीपंकर मान खाली घालायचा, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

फ्रेम घरी आली. सोनुबाईनं, त्याच्या आईनं, ती मांडीवर घेतली आणि पदरानं काच पुसली. निपाणीकडच्या तंबाखूच्या रानांत तिचं सगळं तरुणपण गेलं होतं.

"ही मीच की रं," ती म्हणाली. "तू तान्हा हुतास तवा अशीच पदर धरून हुबी ऱ्हायाची तुझ्यावर. मुकादम बोंबलायचा. पर त्या रानात एक झाड न्हवतं बघ. न्हायतर कुठली आई अशी उन्हात करपून घेतीया?"

खिळा ठोकायला आणलेली हातोडी दीपंकरनं खाली ठेवली.

"आई, हितं सावली हुती," तो म्हणाला. "फांद्या मी तोडायला लावल्या. फोटोसाठी. एक पिल्लू गेलं."

सोनुबाईचा काचेवरून फिरणारा हात थांबला.

"तिनं पंख पसरलं, ते दिसलं तुला?"

"व्हय."

"आणि तू फोटू काढत बसलास?"