डावी कड

पडदा उघडू लागला तसं बन्सीलालकाकांनी हर्षदाचं मनगट दाबलं. “आता बघ. पिक्चर नंतर. आधी हे बघायचं असतं.”

मखमली पडद्याचे दोन भाग बाजूला सरकत गेले. रोजच्या सिनेमांना ते जिथं थांबत, तिथं आज थांबले नाहीत. सरकतच राहिले. पांढरा पडदा थेट दोन्ही भिंतींना जाऊन भिडला आणि पुढच्या रांगांतून शिट्ट्या उठल्या. त्यावर अजून एक चित्रही उमटलं नव्हतं. लोक नुसत्या रुंदीला दाद देत होते.

“लग्नाआधी सुट्टीच्या दिवशी आम्ही इथंच,” काका म्हणाले. “घोडा या भिंतीपासून निघाला की त्या भिंतीला पोचेपर्यंत मान दुखायची.”

हर्षदाही रुंदीसाठीच आली होती. खरं तर फक्त डाव्या कडेसाठी.

तिचे वडील हिलाल, ती जेमतेम वर्षाची असताना गेले. घरात त्यांचा एकच फोटो होता. तो पुराच्या पाण्यात गेला. पण आई सांगायची, तुझे बाबा या सिनेमात आहेत. लग्नाच्या आदल्या वर्षी तापीकाठी, त्यांच्या गावच्या बाजारात शूटिंग झालं होतं. गर्दी म्हणून गावकऱ्यांनाच उभं केलं होतं. बाबा डाव्या कडेला, शूटिंगवाल्यांनी दिलेला लाल फेटा बांधून. हे त्यांनीच आईला सांगितलं असणार. कारण लग्न मामानं जमवलेलं, आणि आईनं नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर, असंही आईच सांगायची.

सुरतेत, लिंबायतच्या त्यांच्या गल्लीत एका गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणून हीच कॅसेट लावली होती. बाजार आला आणि गेला. लाल फेटा कुठंच नव्हता.

“हिलाल आणि कॅमेऱ्यासमोर?” तेव्हा बन्सीलालकाकाच पहिले हसले होते. ते आणि हिलाल एकाच कापड कारखान्यात लूम चालवत. “अहो वहिनी, शेठनं नुसतं नाव विचारलं तरी तो मान खाली घालायचा!”

गल्ली हसली. आई उठून घरात गेली.

हर्षदा त्या वर्षी बी.एस्सी.ला होती. तिला दुसरंच काही खटकलं. सिनेमात दोघं समोरासमोर बोलत होते आणि त्यातल्या एकाचं फक्त नाक दिसत होतं. कोणताही शहाणा माणूस असं चित्र घेणार नाही. म्हणजे मूळ चित्र रुंद होतं, टीव्ही जवळजवळ चौकोनी. मधला तुकडा ठेवून दोन्ही कडा कापल्या होत्या. बाबा सिनेमात नव्हते असं नाही. ते टीव्हीच्या बाहेर होते.

तेव्हापासून ती भागळकडच्या या जुन्या थिएटरची पोस्टरं बघत राहिली. एवढा रुंद पडदा इथंच उरला होता. अखेर तो सिनेमा पुन्हा लागला. काकांना तिनं मुद्दाम आणलं. अडून बसली ती आई.

“ऱ्हाऊ दे पोरी. काय देखनं से त्यामा?”

“बाबांचा चेहरा,” हर्षदा म्हणाली. “एकदा. मग परत नाही मागणार.”

यावर आईनं चपला पायात घातल्या. आता ती शेजारच्या खुर्चीत तोंडाला पदर लावून बसली होती.

मध्यंतरानंतर बाजार आला. हर्षदा नकळत उभी राहिली.

“ओ बेन, बेसी जाओ ने!” मागून कोणीतरी ओरडलं. तिला ते ऐकूच गेलं नाही.

डाव्या कडेला लाल फेटा होता. उंच, सडपातळ माणूस, टीव्हीत कधीच न मावलेला. पण तो पाठमोरा होता. मधोमध नायक तावातावानं बोलत होता, अख्खा बाजार चोरून कॅमेऱ्याकडे बघत होता, आणि हा एकटा तोंड फिरवून उभा होता.

“वळा,” हर्षदा पुटपुटली. “एकदा वळा ना, बाबा.”

तो वळला नाही.

“पाठ काय, कोणाचीही असते पोरी,” काका हळूच म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

पडद्यावर एक बैलगाडी आडवी गेली. ती पुढं सरकली तेव्हा फेट्याच्याही पलीकडे, भिंतीला टेकलेल्या अगदी शेवटच्या पट्टीत, मिरच्यांची पाटी घेऊन बसलेली एक मुलगी दिसली. ती त्या माणसाकडे बघून हसत होती. चेहरा हर्षदाचा होता. तेच रुंद कपाळ, तीच किंचित पुढं आलेली हनुवटी. फक्त इतकं मोकळं हसू त्या चेहऱ्यावर तिनं कधी पाहिलं नव्हतं. आरशात नाही, आणि घरात तर नाहीच.

दृश्य बदललं. हर्षदा खाली बसली.

“प्रमिलावहिनी!” काका आईकडे वळले.

आईच्या तोंडावरचा पदर गळून मांडीवर आला होता.

“आई,” हर्षदा म्हणाली, “चेहरा नाही दिसला गं.”

“कसा दिसेल?” पडद्यावरची नजर न काढता प्रमिलाबाई म्हणाल्या. “तोंड माझ्याकडे व्हतं त्यांचं.”