मॅटची कबर आणि मेयोचा मॅनेजर

आमच्या आयर्लंडमधल्या लीट्रिम काउंटीत शेजाऱ्याची कबर शेजारीच खणतात. मॅट गेला, म्हणून फिंटन आणि मॅलकी फावडी घेऊन उतरले. गुडघाभर खणलं आणि काउंटीच्या गेलिक फुटबॉल संघाच्या नव्या मॅनेजरचा विषय निघाला. “मेयो काउंटीचा माणूस!” फिंटन वैतागला. “त्यांनाच कप मिळेना, आपल्याला काय डोंबल देणार?” “मग तूच हो!” “होतो की! पहिला तुला बाकावर बसवतो.” मॅलकीने बचावफळी दाखवायला दोन्ही फावडी मातीत रोवली. तेवढ्यात चर्चमधून शवपेटी आली. “लाज आहे का?” फादर ओरडले. “पण फादर, मेयोचा माणूस...” “बचाव चांगला बसवतो तो,” फादर म्हणाले. खांदेकऱ्यांनी पेटी गवतावर ठेवून वादात उडी घेतली. मॅटची बायको नोरीन शेजारच्या कबरीवर टेकली. “वहिनी, आत्ता खणतो!” फिंटन ओशाळला. “होऊ दे सावकाश. मॅच संपायची वाट बघण्यातच माझा संसार झाला.”