शेजारचा ब्रेक

मामानं गाडीत बसल्याबसल्या आधी रेडिओ लावला, मग पट्टा. भाचीनं आरसा सरळ केला आणि सवयीनं त्याच्या पायाकडे पाहिलं. शिकवणीच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि मामाचा पाय त्यावरून कधी हलत नसे. निम्मं शहर त्याच्या हाताखाली गाडी शिकलं होतं. पायाखाली म्हटलं तर जास्त खरं.

उद्या सकाळी तिची परीक्षा होती, तिसऱ्यांदा. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या नर्सची नोकरी हातात होती, फक्त परवान्यापाशी घोडं अडलं होतं. या वेळी नापास झाली तर जागा दुसरीला जाणार होती. मागच्या दोन्ही खेपेला परीक्षक एकच बोलला होता. वळण आलं की बाई रस्ता सोडून शेजारच्याच्या पायाकडे बघतात म्हणे. हे मामाला सांगायची ना तिची हिंमत झाली, ना तिच्या आईची. फुकट शिकवणाऱ्याच्या चुका कोण काढणार?

एरवी फुटबॉलच्या सामन्याच्या वेळी मामा शिकवणी घेत नसे. आज परीक्षेपायी नाइलाज झाला होता, म्हणून सामना रेडिओवर. त्याचा क्लब एके काळी करंडक ठेवायला कपाटं पुरत नाहीत असा होता. आता तळाला लोळत होता. जुने खेळाडू विकून टाकले होते आणि मैदानावर सगळी मिसरूड फुटलेली पोरं. ही पोरं काढा, पिकलेले गडी आणा, असं सगळं जग म्हणत होतं. मामाला ते साफ नामंजूर होतं.

"पोरं सोन्यासारखी आहेत गं," तो म्हणाला. "घाण करतो तो प्रशिक्षक. चेंडू पायात आला की पोरगं आधी त्याच्याकडे बघतं, मग गोलाकडे. तोवर चेंडू गेलेला असतो. अरे, ढकल ना त्यांना पाण्यात. खाऊ देत दोन गटांगळ्या."

आणि बोलता बोलता त्यानं करकचून ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन बंद पडली. समोर मांजर आलं होतं, असं त्याचं म्हणणं.

"मामा, ते भिंतीवर होतं."

"उतरलं असतं तर?"

भाचीनं पुन्हा गाडी सुरू केली. दिव्याखाली अंधार तो हाच, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं.

मध्यंतरापर्यंत क्लबवर एक गोल चढला होता. उत्तरार्ध सुरू झाला आणि पंचाशी हुज्जत घातली म्हणून प्रशिक्षकालाच लाल कार्ड मिळालं. त्याची रवानगी प्रेक्षकांत झाली. ब्याद गेली, असं मामा मनापासून म्हणाला. आता बघायला कुणी नाही म्हटल्यावर पोरं सुटलीच. समालोचकाचा आवाज चढला तसे मामानं बूट काढले, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. मागच्या वर्षी क्लबनं एकच मोठा सामना जिंकला होता आणि तेव्हा तो सोफ्यावर मांडी घालून बसला होता. त्या दिवसापासून पोरांची चढाई सुरू झाली की मामाची मांडी ठरलेली. डोळेही मिटलेले.

पुढे पाच रस्त्यांचा गोल चौक होता. भाचीनं शेजारी पाहिलं, तर ब्रेकवर पायच नव्हता. तिनं हाक मारली, तर मामानं डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. मग तिनं समोर पाहिलं, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ट्रक जाऊ दिला, फट मिळताच गिअर टाकला आणि चौक घेतला. त्याच क्षणी गोल झाला. मामानं समोरच्या कप्प्यावर थाप मारली आणि तिला ती आपल्यासाठीच वाटली.

पूल गेला, शाळेची अरुंद गल्ली गेली, चढावरचा सिग्नल गेला. पोरांनी दुसरा गोलही केला. अगदी शेवटी त्यांच्या कोवळ्या गोलरक्षकाला काय हुक्की आली कोण जाणे, चेंडू घेऊन एकाला हुलकावणी द्यायला गेला आणि घालवून बसला. सामना बरोबरीत सुटला. आता मामा त्याचा सात पिढ्यांसकट उद्धार करणार, असं भाचीला वाटलं. पण तो हसत होता.

"चुकला," तो म्हणाला, "पण कुणाला विचारत बसला नाही पोरगा."

मग त्यानं डोळे उघडले आणि बाहेर पाहिलं. ही शहराची पार दुसरी कड होती. त्यानं एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा आपल्या मांडीकडे.

"इथवर कुणी आणली?"

"मीच की."

मामानं रेडिओ बंद केला. मग त्यानं हळूच विचारलं, "परीक्षक नक्की काय म्हणाला होता गं तुला?"

तिनं सांगून टाकलं. मामाचा चेहरा उतरला. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा लहान मुलासारखा होताना पाहून तिला वाईट वाटलं, पण सांगितल्याचं नाही. परीक्षेत गाडी उलटी घेऊन लावावी लागते, तेवढी एकदा करून बघते, एवढंच ती म्हणाली. आरशात पाहत तिनं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. जरा जास्तच वळली आणि मागचं चाक कठड्याला थडकलं. तिची मान आपसूक शेजारी वळली.

"माझ्याकडे काय बघतेस?" मामा म्हणाला. "पुन्हा घे."

मांडी त्यानं मोडली नव्हती. पायांचे दोन्ही अंगठे मुठीत गच्च आवळून तो समोर बघत बसला होता.