फळीवरचं यंत्र

जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या गावठाणातली घरं सारी एका साच्यातली, म्हणून म्हातारा तुलाराम रोज वाट चुकायचा. शेवटी सून रुपानं भंडाऱ्याहून दोन यंत्रं आणली. माणूस कुठं कुठं फिरला ते मोबाइलच्या नकाशावर रेघेनं उमटायचं. बरं वाटेल ते ठेवायचं, दुसरं परत करायचं.

एक तिनं सासऱ्याच्या खिशात घातलं. दुसरं फळीवर, सासूच्या फोटोशी ठेवलं. सासू धुरपता जुन्या गावातच वारली होती. हे घर तिनं पाहिलंच नव्हतं.

दुपारी रुपा म्हणाली, "मामाजी, दुसरं खराब निघालं जी. फळीवर पडून आहे, अन् रेघ धरणात फिरून राहिली."

तुलारामनं पाहिलं. निळ्या पाण्यात रेघ जुन्या घरून विहिरीवर जात होती, विहिरीवरून घरी येत होती. ती वळणं त्याला डोळे मिटूनही सापडली असती.

"हे वापस नको करू," तो म्हणाला.

मग रेघ पाण्याबाहेर आली. गावठाणात शिरली. दारोदार थांबत त्यांचं घर ओलांडून पुढं गेली.

"तिले कुठं मालूम आहे आपलं घर!" तुलाराम म्हणाला.

बायकोला त्यानं जन्मात नावानं हाक मारली नव्हती. शेतावरून आला की फाटकाशी खाकरायचा, अन् ती पाण्याचा गडवा घेऊन बाहेर यायची.

तो फाटकाशी गेला आणि खाकरला.

रुपानं फळीकडं पाहिलं. यंत्र जागेवरच होतं.

मोबाइलवरचा ठिपका थांबला, आणि मागं वळला.