एकच जागा

झाडाखाली चार पोलादी खुंट्या, वायरची दोन रिळं, एक बॅटरी, एक मोजणीयंत्र आणि एक नारळ होता. नारळ सोडून सगळं प्रशीलचं होतं.

नारळ उखर्डू आबांचा. ऐंशीच्या घरातले आबा तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरायचे. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असं धुळ्याकडच्या या गावात सगळे मानायचे. वरणगावचा प्रशील भूशास्त्र शिकलेला. तो जमिनीत वीज सोडून खालचा खडक मोजायचा. दोघांची जुंपणार, असं लोकांना वाटलं होतं. झालं उलटंच. आबा भर उन्हात त्याची वायर धरून फिरू लागले आणि दुपारी आपली अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवू लागले.

“तुनं यंत्र चुकनं तर खावाले काय?” आबा डिवचायचे. “मना नारळ तरी फोडीसन खाता येस.”

“म्हणून तर तुमच्यासोबत फिरतो, आबा. उपाशी मरायची भीती नाही.”

हसणं तेवढंच. गावाला एकच बोअर मंजूर होता, तोही तीनशे फुटांपर्यंत.

“कोरडा गेला तर पुढचं वर्षही टँकरच्या मागे पळायचं,” सरपंच प्रमिलाबाईंनी प्रशीलला बजावलं. “आणि भाऊ, जागा एकच सांगा. तुमची एक आणि आबांची दुसरी निघाली, तर गावात मारामाऱ्या होतील.”

प्रशीलला एकही सांगता येईना. ओढ्याकाठी आणि बाभळीजवळ आकडे जवळपास सारखेच येत होते. बाभळीजवळ वायर ढिली पडत होती म्हणून त्याने तीनदा मोजलं, तरी उलगडा होईना.

संध्याकाळी आबा नारळ घेऊन निघाले. प्रशील लांबून बघत राहिला. ओढ्याकाठी नारळ आडवाच राहिला. बाभळीजवळ ताठ उभा झाला.

रात्री प्रशीलने अहवालात लिहिलं: बाभळीजवळ. का, ते कुणाला सांगितलं नाही.

दोघांची जागा एकच निघाली म्हणताच गाव निर्धास्त झालं. बोअरची गाडी आली. बायका रिकामे हंडे घेऊनच बाभळीपाशी जमल्या.

शंभर फुटांवर धूळ. दीडशेवर धूळ. दोनशेवर हंडे हळूहळू खाली टेकले. प्रमिलाबाई प्रशीलकडे बघत होत्या. तो नजर चुकवत होता. अडीचशे झाले तसा तो आबांच्या शेजारी जाऊन बसला.

“लागेल ना, आबा?”

“माले काय इचारस? तुले ठाऊक.”

“मला नाही ठाऊक.” त्याने आवाज खाली आणला. “यंत्रावरून काहीच कळलं नव्हतं. तुमचा नारळ उभा राहिला म्हणून मी ती जागा लिहिली.”

आबांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

“मना हातले आते काहीच समजत नही रे, पोरा,” ते म्हणाले. “तू जठे तीनदा मोजं, तठेच मी नारळ उभा करा.”

मशीन थांबलं. मशीनवाल्याने दोरीला दगड बांधून आत सोडला, टेकल्यावर वर ओढला, दगड हाताने चाचपला आणि दोरी मोजली.

तीनशे फूट. दगड कोरडा होता.